'पळून गेली' म्हटलं की शोध संपतो

रहस्यमालिका पाहताना आपण एकाच प्रश्नामागे धावतो: खून कुणी केला? रीमा कागती आणि झोया अख्तर यांची 'दहाड' (२०२३) ही आठ भागांची हिंदी मालिका हा प्रश्न फार ताणतच नाही. हिंदी शिकवणारा, बायको-मुलगा असलेला सभ्य प्राध्यापक खुनी आहे हे आपल्याला लवकरच कळतं. तरीही मी शेवटपर्यंत जागची हलले नाही, कारण दुसराच प्रश्न अंगावर आला. एकीमागून एक बायका सार्वजनिक शौचालयांत मेलेल्या सापडतात, तरी त्यांना कुणी शोधत कसं नाही?

राजस्थानातल्या या मुली गरीब घरच्या, हुंड्यापायी लग्न रखडलेल्या. कुणी गोड बोलून लग्नाचं वचन देतो आणि त्या घर सोडतात. घरच्यांना अब्रूची काळजी, पोलिसांच्या लेखी 'पळून गेली'. मुरली बेपत्ता बहिणीसाठी खेटे घालतो, कुणी दाद देत नाही. ठाकुराची मुलगी मुसलमान मुलाबरोबर जाते तेव्हा मात्र गाव पेटतं. मग मुरलीही आपल्या बहिणीला मुसलमानानंच पळवल्याचं सांगतो. खोटं बोलल्यावर त्याची दखल घेतली जाते! या प्रसंगात जात, धर्म आणि बाईची किंमत यांचं गणित उघडं पडतं.

हे सगळं कल्पित म्हणून सोडून देता येत नाही. कर्नाटकातला मोहनकुमार हाही शिक्षकच. लग्नाचं आमिष दाखवायचा आणि गर्भनिरोधक गोळी म्हणून सायनाइड द्यायचा. २००९ मध्ये तो पकडला गेला तोवर वीस जणींचा जीव गेला होता.

दलित फौजदार अंजली भाटीला ठाण्यातच सोसावा लागणारा जातीचा विटाळ मालिका धीटपणे दाखवते. खटकलं ते एवढंच, की सगळा भार एकट्या अंजलीवर येतो. प्रत्येक ठाण्यात अंजली नसते. 'चार दिवस थांबा, येईल परत' हे मुलीच्या आईबरोबर ठाण्यात बसून मी अनेकदा ऐकलं आहे.

इथे आपणही स्वतःला तपासायला हवं. सज्ञान मुलीला जोडीदार निवडायचा हक्क आहे, असं आपण ठामपणे म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण म्हणून 'स्वतःच्या मनानं गेली' एवढ्यावर आपणही गप्प बसतो का? शोध घेणं म्हणजे तिला घरी ओढून आणणं नव्हे. ती सुखरूप आहे आणि स्वखुशीनं गेली आहे हे तिच्याच तोंडून ऐकायचं, आणि तिला नको असेल तर ठावठिकाणा घरच्यांना सांगायचा नाही. बेपत्ता बाईच्या प्रत्येक नोंदीचा असा पाठपुरावा व्हावा, ही मागणी आपल्या गटांनी आपापल्या ठाण्यात लावून धरायला हवी.

घर सोडण्याचा हक्क जसा तिचा, तसा शोधलं जाण्याचाही तिचाच.