मायक्रॉन मोजता, नाक कोण मोजणार?

नळाची तोटी चमकते, गाडीचा रॉड चमकतो, त्याला क्रोम म्हणतात. टाकीतला क्रोम चमकत नाही. तो साकळलेल्या रक्तासारखा असतो. एका लिटरात अडीचशे ग्रॅम क्रोमिक ॲसिड आणि त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकं गंधकाम्ल. करंट सोडला की शंभरातली दहा-वीस हिस्से वीजच धातू चढवते, उरलेली बहुतेक हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जाते. बुडबुडे वर येऊन फुटतात आणि टाकीच्या तोंडावर ॲसिडचं बारीक धुकं उभं राहतं. ते नाकात जातं. आधी नाक वाहतं, मग रक्ताची खपली धरते, मग दोन नाकपुड्यांमधला पडदा झिजून आरपार भोक पडतं. भोक पडल्यावर दुखत नाही, म्हणून गडी म्हणतो, आता बरंय.

अंबडला एका प्लेटिंगच्या शेडात मी दीड वर्ष जिगला माल अडकवायचं काम केलंय. तिथं याला 'हेक्सा' म्हणतात. हेक्सा म्हंजे सहा संयुजेचा क्रोम. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९० सालीच तो पहिल्या गटात टाकला. पहिला गट म्हंजे माणसाला कॅन्सर करतो हे सिद्ध झालेला. शेडात ही गोष्ट कुणी सांगितली नाही. सांगायचा कायदा होता, तरी नाही.

आता नाशकात नवी भाषा आलीय. सातपूर-अंबडच्या हॉलांतून सुटाबुटातली माणसं 'स्मार्ट कोटिंग' आणि 'डिजिटल प्लांट' बोलायला लागलीत. बोलू द्या. त्यांच्या हातात आहे ते यंत्र खोटं नाही, हे आधी कबूल करू. तीन संयुजेचा क्रोम, शेडातला 'ट्राय', हेक्सापेक्षा कितीतरी कमी विषारी. पण त्याची टाकी लाडावलेल्या पोरासारखी. पीएच जरा हलला, लोखंड नाहीतर जस्त जास्त मिसळलं, की थर काळवंडतो, माल परत येतो. हेक्साची टाकी गलथान मालकालाही माफ करते, म्हणून ती शंभर वर्षं टिकली. ट्राय सांभाळायला टाकीत पीएचचा प्रोब लागतो, किती ॲम्पिअर-तास करंट गेला ते मोजून तेवढंच रसायन सोडणारा पंप लागतो, सगळ्याची नोंद ठेवणारा संगणक लागतो. म्हणजे विष काढायला डिजिटल खरंच कामाला येतं. जाड हार्ड क्रोमला अजून एवढा सोपा पर्याय नाही. कॅलिफोर्नियानं २०२३ साली ठरवलं, शोभेच्या कामातला हेक्सा २०२७ला बंद, हार्ड क्रोमचा २०३९ला. पण निदान तारीख तरी ठरवली.

मग नाशकात जिथं ट्राय आला तिथं तो कुणामुळं आला? कामगाराच्या नाकामुळं? छ्या! युरोपनं मोडीत निघणाऱ्या गाड्यांचा कायदा केला आणि १ जुलै २००७ पासून गाडीच्या सुट्या भागांवरच्या गंजरोधक थरातला हेक्सा बंद केला. नाशिक गाड्यांच्या भागांचं गाव. निर्यातीच्या बोल्टवरची ती इंद्रधनुषी पिवळी झाक गेली, निळसर पांढरी आली. बाजूच्या टाकीत गावच्या गिऱ्हाईकाचा माल पिवळाच राहिला. एकच शेड, एकच हेल्पर. सकाळच्या पाळीत युरोपच्या भंगारातली माती वाचवायची आणि दुपारच्या पाळीत स्वतः धुकं गिळायचं.

रंगाचंही तेच. घराच्या भिंतीच्या रंगात शिसं दहा लाखाला ९० भागांवर नको, असा नियम सरकारनं २०१६ साली केला, २०१७ला लागू झाला. चांगला नियम. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता. कारखान्यात लोखंडाला मारायचा रंग त्यात नाही. फ्लॅटमधल्या बाळाचं डोकं वाचावं, वाचलंच पाहिजे. पण गाळ्यात तोंडाला रुमाल बांधून गन मारणाऱ्या पोराचं डोकं काय नारळ आहे?

दोस्तांनो, मीटर कुठं बसवतात ते बघा. थर किती मायक्रॉन चढला ते मोजायला क्ष-किरणांचं यंत्र, त्याची प्रिंट मालाबरोबर जाते. मिठाच्या फवाऱ्यात नमुना किती तास गंजला नाही, त्याची नोंद. २०१४ साली केंद्रीय प्रदूषण मंडळानं १७ प्रकारच्या प्रदूषणकारी उद्योगांना सांडपाण्यावर आणि धुरावर चोवीस तास चालणारे मीटर लावून आकडे थेट मंडळाला पाठवायला लावले. त्या १७ मध्ये साखर कारखाना आहे, दारूची भट्टी आहे, सिमेंट आहे. प्लेटिंग नाही. आणि ज्यांच्याकडं मीटर आहे त्यांचाही पाइपाच्या तोंडाशी, माणसाच्या तोंडाशी नाही. बोल्टाला जन्मपत्रिका, गड्याला ठेकेदाराच्या वहीतलं नाव, तेही अर्धंच.

टाकीपाशी कोण उभा असतो? मस्टरवर जातीचा रकाना नसतो, असं आपले सुशिक्षित मित्र ऐकवतात. मग जेवणाच्या सुट्टीत या. लॅबमध्ये कोण बसतो, डिस्पॅचला कोण, आणि टाकी उपसायला, तळातला गाळ काढायला कुणाला हाक मारतात, ते बघा. आडनावं विचारा. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला शिरू देत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आपल्या थुंकीनं सवर्ण कामगार बाटायचा. पगार त्याच खात्यात जास्त. बाबासाहेबांनी १९२८-२९च्या संपांच्या काळात हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या तोंडावर मारला. तेव्हा आपल्या तोंडामुळं खातं बंद होतं. आज जिथं तोंड आणि नाक जळतं ते खातं आपल्याला सताड उघडं. ही प्रगती!

आपल्यातले काही जण म्हणतात, टाकी बंद झाली तर आपलीच पोरं घरी बसतील, विष का होईना पण रोज मिळतो. हे बोलणं मला शिवीसारखं लागतं. मेलेलं ढोर ओढायचं सोडलं तेव्हाही गावात असंच म्हणणारे होते. दुसरे म्हणतात, यंत्रं म्हणजे भांडवलदाराचा कावा, लाथ मारा. त्यांनी १९४५ साली बाबासाहेबांनी गांधीवादाची केलेली चिरफाड वाचावी. यंत्राला शिव्या देणाऱ्यांना त्यांनी सोडलं नाही. यंत्रामुळं माणसाला उसंत मिळते, त्याशिवाय संस्कृती नाही, दोष असेल तर यंत्रावर मालकी कुणाची त्यात आहे, ही त्यांची मांडणी. म्हणून मी म्हणतो, हेक्साची टाकी बंद झालीच पाहिजे, पंप-प्रोब आलेच पाहिजेत, आणि त्या पॅनलसमोरच्या खुर्चीवर तोच गडी बसला पाहिजे ज्यानं दहा वर्षं जिग बुडवली. आयटीआयला इलेक्ट्रोप्लेटरचा ट्रेड असतो. हेल्परला पगारी सुट्टी देऊन तिथं पाठवता येतं. पीएच वाचायला जानवं लागत नाही.

कायद्याचं आटोपतो. भोपाळ झालं १९८४ साली. माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली तेव्हा १९८७ला फॅक्टरी ॲक्टात धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण घातलं गेलं. प्लेटिंग त्या यादीत होतं. कोणतं रसायन हाताळतोस ते सांगायचं, तब्येतीची नोंद दाखवायची, सुरक्षा समितीत बसवायचं, धोका दिसला तर मालकाला बजावायचा हक्क, सगळं त्यात होतं. त्याच कायद्याच्या परिशिष्टात कामाच्या जागी एका घनमीटर हवेत क्रोमिक ॲसिडची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम लिहिली होती. अमेरिकेनं २००६ साली हेक्साची मर्यादा ०.००५ केली. म्हंजे अमेरिकन नाकापेक्षा अंबडचं नाक दहापट घट्ट! २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन नवी संहिता आली. १९४८च्या मूळ कायद्यात विजेवर चालणारी जागा १० कामगारांना 'कारखाना' ठरायची, संहितेत तो आकडा २०. अंबडच्या गाळ्यांत जाऊन डोकी मोजा. मस्टरवर सात, ठेकेदाराची पाच, आणि 'पुतण्या मदतीला आलाय' अशी दोन.

नंदिनीचं काय सांगू. तिला नासर्डी म्हणत होते, नाव बदललं. सातपूर-अंबडच्या अंगानं ती टाकळीला गोदावरीला मिळते, रामकुंडाच्या खाली. दर बारा वर्षांनी सिंहस्थ आला की गोदामाई शुद्ध करायच्या घोषणा होतात आणि सगळ्यांचे डोळे रामकुंडावर. त्या कुंडाशेजारच्या काळारामासाठी १९३० साली आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली. आज मला त्या पाण्यात उतरायची हौस नाही. टाकळीच्या खाली त्या पाण्यावर जगणाऱ्यांचा हिशेब कोणता महंत मागतो ते बघायचंय.

तेव्हा मागायचं काय? शेडच्या दारावर मराठीत, मोठ्या अक्षरात, कोणत्या टाकीत काय आहे. टाकीच्या काठावर माणसाच्या नाकाच्या उंचीवर हवेचा नमुना, त्याचा आकडा मालाच्या रिपोर्टसारखाच रोज भिंतीवर आणि प्रत्येक कामगाराच्या मोबाइलवर. मालकाच्या मोबाइलवर जाणारा चालणार नाही. बड्या कंपन्या व्हेंडरला माल किती मायक्रॉनचा हवा ते लिहून देतात, त्याच कागदावर हेक्सा बंद करायची तारीख लिहायची आणि बदलाच्या खर्चातला वाटा उचलायचा, कारण बारा माणसांचा गाळेवाला एकटा तो उचलणार नाही, तो शेड उचलून दुसऱ्या गावाला नेईल. आणि ठेकेदाराच्या माणसांसकट सगळ्यांची दर सहा महिन्यांनी नाकाची तपासणी. त्याला संगणक लागत नाही. एक बॅटरी लागते, एक आरसा, आणि माणशी दोन मिनिटं.