डब्यावरचा तारा ब्रेक लावत नाही

पुण्यात नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर तीन डबे मांडलेले होते. गाडी होती मर्सिडीजची डब्ल्यू-१२४, म्हणजे नव्वदच्या दशकातली ई-क्लास. हवे होते पुढचे ब्रेक पॅड. पहिल्या डब्यावर तीन टोकांचा तारा. दुसऱ्यावर तारा नाही, फक्त एका जर्मन पॅड कंपनीचं नाव. तिसऱ्यावर परत तारा, पण छपाई फिकट आणि किंमत पहिल्याच्या पाव. दुकानदार म्हणाला, "हा ओरिजिनल, हा कंपनी, हा ओरिजिनलसारखा. कुठला देऊ?"

ओरिजिनल म्हणजे नक्की काय, असं मी विचारलं. तो हसला. "गिऱ्हाइकाला जो ओरिजिनल वाटतो तो."

त्याने थट्टेत सांगितलं, पण सगळा धंदा त्याच एका शब्दावर चालतो. माझं म्हणणं असं आहे की ‘ओरिजिनल’ हा शब्द आपल्याकडे माहिती देण्यासाठी वापरलाच जात नाही. तो माहिती लपवण्यासाठी वापरला जातो. आणि ब्रेकच्या बाबतीत ही लपवाछपवी जिवावर बेतू शकते.

मुळापासून बघू. ब्रेक बनवतं कोण? ज्या कंपनीचा तारा बॉनेटवर आहे, ती नाही. डब्ल्यू-१२४ च्या चाकांमागे जे कॅलिपर आहेत, त्यातले कित्येक एटीईचे आहेत. एटीई म्हणजे आल्फ्रेड टेव्हेस या माणसाने १९०६ साली फ्रँकफर्टमध्ये सुरू केलेली कंपनी. पुढे, १९९८ मध्ये, हा ब्रेकचा धंदा कॉन्टिनेन्टलने विकत घेतला. काही गाड्यांना गर्लिंगचे कॅलिपर बसवलेले असतात. मॉडेल तेच, पण कॅलिपर दोन वेगळ्या घरांतले, आणि एकाचं रबर किट दुसऱ्याला चालत नाही. पॅड बनवणारे आणखी वेगळे: टेक्स्टार, युरिड, पागिड. गाडीची कंपनी डिझाइन ठरवते, चाचण्या घेते, मंजुरी देते आणि माल विकत घेते. तिची ही कामं महत्त्वाचीच आहेत. पण पॅड भट्टीतून काढणारे हात दुसऱ्याचेच असतात.

म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या डब्यातला माल एकाच कारखान्यातून निघालेला असू शकतो. जर्मन गाड्यांचे पार्ट हाताळणाऱ्या कुठल्याही फिटरला विचारा. स्वतःच्या नावाच्या डब्यात विकायच्या पार्टवरून गाडीच्या कंपनीचा लोगो ग्राइंडरने घासून काढलेला त्याने पाहिलेला असतो. धातू तोच, साचा तोच, फक्त एक खूण खरवडलेली. त्या खरवडलेल्या जागेची किंमत आपण पहिल्या डब्यात मोजतो.

हे मी उगाच ताणतोय असं वाटत असेल तर युरोपचा कायदा बघा. २००२ साली युरोपियन युनियनने गाड्यांच्या विक्री-दुरुस्तीसाठी नियम केले. त्यात ‘ओरिजिनल पार्ट’ची व्याख्या दिली: गाडी जोडताना जो पार्ट वापरला त्याच दर्जाचा, आणि गाडीच्या कंपनीने ठरवलेल्या मापांनी व उत्पादनाच्या निकषांनी बनवलेला पार्ट. डब्यावर चिन्ह कुणाचं, हा त्या व्याख्येचा मुद्दाच नाही. पार्ट बनवणाऱ्याला स्वतःचं नाव पार्टवर घालायचा आणि तो बाहेरच्या गॅरेजला विकायचा हक्क त्या नियमांनी राखला. २०१० च्या नियमांनीही तो कायम ठेवला. म्हणजे आपल्या दुकानदाराचा ‘कंपनी’ म्हणून बाजूला सरकवलेला दुसरा डबा तिकडच्या व्याख्येप्रमाणे ओरिजिनल ठरू शकतो.

आता तिसरा डबा. इथे लोक मला अडवतात. "तुझं ऐकून माणसं स्वस्त डुप्लिकेट घेतील आणि मरतील." भीती खरी आहे, म्हणून हिशोबच मांडतो. चौदाशे किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरने जात असेल तर तिच्यात सुमारे ५४० किलोज्यूल ऊर्जा असते. साधं पाणी घेतलं तर पावणेदोन लिटर उकळीपर्यंत जाईल एवढी. तुम्ही पाय दाबता तेव्हा ही सगळी ऊर्जा काही सेकंदांत मुख्यतः डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन उतरते. खंबाटकी उतरताना हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा होतं. पॅडचं मटेरियल त्या तापमानाला टिकलं नाही तर त्याची पकड जाते. पॅड लोखंडी पाटीपासून सुटू शकतो. तिसरा डबा विकणं हा माझ्या मते गुन्हाच आहे, आणि तो विकणाऱ्याला दया दाखवायचं कारण नाही.

पण तिसरा डबा खपतो का? गिऱ्हाईक मूर्ख आहे म्हणून नाही. पहिला डबा परवडत नाही, आणि दुसऱ्या डब्याबद्दल त्याला कुणी काही सांगत नाही, म्हणून. ‘तारा म्हणजे ओरिजिनल’ एवढंच आपण लोकांना शिकवलं, तर डुप्लिकेटवाल्याचं काम सोपं होतं. त्याला फक्त तारा छापावा लागतो. पॅडची चाचणी करणारं यंत्र महाग असतं, तारा छापणारं स्वस्त. ताऱ्यावरच्या आंधळ्या भक्तीनेच तिसऱ्या डब्याला गिऱ्हाईक मिळवून दिलं आहे.

आणखी एक गोष्ट, जी पहिल्या डब्याच्या भक्तांना आवडणार नाही. जुन्या गाडीसाठी खराखुरा, ताऱ्याचा, सीलबंद डबासुद्धा धोक्याचा असू शकतो. ब्रेकमध्ये नुसतं लोखंड नसतं, रबरही असतं. कॅलिपरची सील, मास्टर सिलिंडरचे वॉशर, चाकाकडे जाणारे होज. रबर डब्यात पडल्या पडल्याही म्हातारं होतं. वीस वर्षं गोदामात राहिलेला ‘अनटच्ड’ होज बाहेरून नवा दिसतो, पण आतून फुगून नळीची वाट बंद करू शकतो. मग पाय उचलला तरी त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही आणि गाडी एका बाजूला ओढते. अशा वेळी काल बनलेला, कुणी बनवला ते ठाऊक असलेला, साध्या डब्यातला होज हजारपट बरा. ब्रेक ऑइलचंही तसंच. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट-४ ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असं मानक सांगतं, ओलं झाल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. उघडून ठेवलेली जुनी बाटली कितीही ‘ओरिजिनल’ असो, घाटात तिचा उपयोग नाही. डब्यावरचं चिन्ह यातलं काहीच सांगत नाही. तारीख सांगते.

मग हे सगळं आपल्याला कुणी आणि का सांगितलं नाही? याचं उत्तर एका सरकारी आदेशात आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने, म्हणजे सीसीआयने, १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मर्सिडीज-बेंझ त्यात होती, बीएमडब्ल्यू होती, मारुती, महिंद्रा आणि टाटा मोटर्सही होत्या. ठपका असा की स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं या कंपन्या बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, आणि पार्ट बनवणाऱ्यांना ते थेट बाजारात विकण्यापासून अडवतात. कंपन्यांच्या बचावात सुरक्षितता होतीच: बाहेरच्या माणसाच्या हाती पार्ट गेले तर गिऱ्हाइकाचा जीव धोक्यात येईल. आयोगाने ते मान्य केलं नाही. पार्ट खुले करा, पार्ट बनवणाऱ्यांना विकू द्या, असा आदेश दिला. प्रकरण पुढे अपिलांत आणि कोर्टांत गेलं. माझ्या काउंटरवर मात्र अजून तेच तीन डबे.

सुरक्षिततेचा तो युक्तिवाद नीट पारखून घ्यायला हवा. गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्यायची बंद झाली की ती रस्त्यावरून नाहीशी होत नाही. ती कुणाच्या तरी गल्लीतल्या गॅरेजमध्ये जाते. तिथला मेस्त्री हुशार असतो, पण त्याला पार्ट नंबर शोधायला कॅटलॉग मिळत नाही. कॅलिपर एटीईचा की गर्लिंगचा हे तो गाडी खोलल्यावरच सांगू शकतो, आणि मग हाताने माप घेऊन पेठेत माणूस पाठवतो. त्याला माहिती नाकारून रस्ता सुरक्षित होत नाही. चुकीचा पार्ट बसायची शक्यता तेवढी वाढते.

आता तुमच्या मनातला प्रश्न. मर्सिडीजवाल्यांच्या दुखण्याशी आपल्याला काय देणंघेणं?

एक तर ही गाडी आता श्रीमंतांकडे राहिलेली नाही. श्रीमंतांनी ती कधीच विकली. डब्ल्यू-१२४ तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आहे. एखाद्या नव्या हॅचबॅकपेक्षाही कमी पैशांत ती घेतलेली असते, हौसेने, उसनवारी करून. दुसरं, ही गाडी आपल्यासाठी परदेशी नाही. १९९४ मध्ये मर्सिडीजने टेल्कोबरोबर भागीदारीत कंपनी काढली आणि १९९५ पासून हीच डब्ल्यू-१२४ पुण्यात जोडली जाऊ लागली. इथल्या कामगारांनी नट आवळलेली गाडी, आणि तिच्या ब्रेकसाठी तिचा मालक त्याच शहरात डबे पारखत फिरतो. गर्लिंगचं तंत्र तर त्याच्याही आधी भारतात आलेलं. लुकासच्या भागीदारीतली ब्रेक्स इंडिया १९६२ पासून चेन्नईत आहे. हे आपल्याला जमणार नाही, असं कुणी म्हणू नये.

‘जुन्या गाडीचे पार्ट कुठून आणायचे’ हेही कारण चालणार नाही. १९९३ पासून श्टुटगार्टजवळ फेलबाखमध्ये मर्सिडीजचं स्वतःचं क्लासिक सेंटर आहे, आणि कंपनी आपल्या जुन्या गाड्यांचे पार्ट आजही पुरवते. करायचं ठरवलं तर करता येतं, हे त्यांनीच दाखवलेलं आहे.

सरकारचीही यात बाजू आहे. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं. गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे का, हे सरकार तपासणार आणि त्याचे पैसे घेणार. ठीक. मग ती योग्य ठेवायला लागणारे पार्ट बाजारात मिळावेत, ही जबाबदारी कुणाची? २०२२ च्या डिसेंबरात केंद्राने ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. पोर्टल चांगलंच आहे. पण पोर्टलवर माहिती टाकणं हे कंपनीच्या मर्जीवर राहिलं, तर हक्क हा शब्द फुकट गेला.

आणि मोबाइलचं नाव निघालंच आहे, तर तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याची बॅटरी बाहेर बदलून बघा. काही फोन स्क्रीनवरच सांगतात की ही बॅटरी खरी आहे याची खात्री करता येत नाही. तुम्हाला घाबरवणारा शब्द तोच, फक्त डब्यावरून स्क्रीनवर आलेला. गाडीचा प्रश्न श्रीमंतांचा म्हणून सोडून दिलात, तर फोनच्या, स्कूटीच्या आणि उद्याच्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीच्या वेळी तुमच्या बाजूने बोलायला कुणी नसेल.

मागणी साधी आहे. ब्रेकच्या प्रत्येक पार्टवर चार गोष्टी छापणं सक्तीचं करा: कुणी बनवला, कधी बनवला, कुठल्या नंबरच्या जागी बसतो, आणि कुठल्या मानकाची चाचणी पार केली. गाडी बाजारातून गेल्यावरही तिचा पार्ट कॅटलॉग सगळ्यांना उघडा ठेवा. पार्ट बनवणाऱ्याला त्याच्या नावाने विकू द्या. आणि नकली तारा छापणाऱ्याला तुरुंगात घाला, कारण तो ब्रँडशी नाही, माणसाच्या जिवाशी खेळतो.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. काउंटरवर "ओरिजिनल आहे का?" विचारणं सोडा, त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. कुणी बनवलाय आणि कधी, हे विचारा. मी त्या दिवशी दुसरा डबा घेतला. बनवणाऱ्याचं नाव, पार्ट नंबर, बॅच आणि चाचणीची खूण, सगळं त्यावर होतं. फिटरने ते वाचलं, जुने पॅड शेजारी ठेवून माप जुळवलं, आणि मगच पाना हातात घेतला.