दोषारोपपत्राआधीचा प्रश्न

एखाद्या खटल्याचा विषय निघाला की निलंग्याच्या बसस्टँडवर कुणीतरी हमखास म्हणतो, ‘‘चार्जशीट गेली की! उगंच नाव घालतेत का पोलीस?’’ या समजुतीची किंमत किती, हे आपल्या महाराष्ट्रानेच पाहिले आहे.

५ जून २००३ च्या रात्री एका शेतवस्तीवर दरोडा पडला. पाच जीव गेले. भटक्या जमातीतील सहा जणांवर खटला चालला. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सर्वांना निर्दोष ठरवले. बचावलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते. त्या चौघांवर दोषारोपपत्र गेले नाही आणि ही गोष्ट दडवून ठेवण्यात आली. सहा जणांची सुमारे १६ वर्षे तुरुंगात गेली. शासनाने प्रत्येकी ५ लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. आणि ज्या घरातली माणसे गेली, त्यांना तरी कुठे न्याय मिळाला?

जर्मनीत आरोप ठेवायचा की नाही, हे सरकारी वकील ठरवतो. नुसता संशय त्याला पुरत नाही; हाती असलेल्या पुराव्यावर शिक्षा होण्याचीच शक्यता अधिक आहे, असे दिसावे लागते. शिवाय संशयिताच्या बाजूचा पुरावाही शोधण्याचे बंधन कायद्यानेच त्याच्यावर घातले आहे. आपल्याकडे दोषारोपपत्र पोलीस दाखल करतात आणि आरोप निश्चित करताना न्यायालय सबळ संशय पुरेसा मानते.

बँकेत मी उमेदीची वर्षे काढली. कर्जाची शिफारस करणारा आणि मंजुरी देणारा एकच माणूस नसावा, हा तिथला साधा दंडक. पैशांसाठी पाळतो तो दंडक माणसाच्या आयुष्यासाठी का नसावा? तपास पोलिसांनीच करावा. पण आरोपीच्या बाजूच्या कागदांसकट सगळी फाईल तपासातून अलिप्त असलेल्या सरकारी वकिलाने आधी वाचावी आणि त्या कागदांची यादी न्यायालयापुढे जावी. गुन्हेगार सुटू नये असे वाटत असेल, तर आधी चुकीचा माणूस पकडला जाऊ नये. कारण तो पकडला गेला, की खऱ्याचा शोध तिथेच थांबतो.