एका सामन्याचा फैज फझल
नागपूरचा डावखुरा सलामीवीर फैज फझल भारतासाठी एकच एकदिवसीय सामना खेळला. १५ जून २०१६ रोजी, हरारेत, झिम्बाब्वेच्या १२३ धावांचा पाठलाग करताना त्याने ६१ चेंडूंत नाबाद ५५ धावा केल्या, आणि पुन्हा बोलावणं आलं नाही. म्हणून त्याची कारकीर्द अपुरी राहिली, असं मानणं मला साफ चुकीचं वाटतं. २००३ मध्ये विदर्भाकडून रणजी पदार्पणातच १५१ धावा करणारा हा खेळाडू २०२४ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर प्रथम श्रेणीतल्या नऊ हजारांहून अधिक धावा होत्या. विदर्भासमोरची गोलंदाजी दुबळी असायची, असं कुणी म्हणेल. बरीच वर्षं विदर्भ खालच्या गटात होता, हे खरंच. पण २०१७-१८ च्या मोसमात कर्नाटकाला उपांत्य फेरीत अवघ्या ५ धावांनी आणि दिल्लीला इंदूरच्या अंतिम सामन्यात ९ गडी राखून हरवलं, तेव्हा कर्णधार तोच होता आणि त्या मोसमात त्याच्या ९१२ धावा होत्या. पुढच्या वर्षी करंडक पुन्हा विदर्भाकडेच राहिला. इंग्लंडमध्ये काउंटीची वर्षानुवर्षं सेवा केलेल्या खेळाडूसाठी, तो देशाकडून कधीच खेळला नसला तरी, निधी उभारण्याची जुनी प्रथा आहे. आपल्याकडे मात्र निळी जर्सी किती वेळा घातली, एवढंच मोजतात. वर्धा, हिंगणघाट, आर्वीच्या मैदानांवरून निघालेल्या पोराला आधी विदर्भाच्याच संघाचं दार ठोठावावं लागतं, आणि फझलने सांभाळला तो हाच संघ.