सालमन, सातारा स्टाइल!

पुण्या-मुंबईतल्या एखाद्या पॉश रेस्तराँचं मेनूकार्ड उघडा. 'ग्रिल्ड इंडियन सालमन विथ लेमन बटर' अशी एक ओळ हमखास सापडते. किंमत वाचून आपण मनातल्या मनात ईएमआयचा हिशोब करतो, आणि समोरचा कलीग तोऱ्यात सांगतो, 'सालमन आहे बॉस, ओमेगा थ्री!' आता एक सीक्रेट ऐका. प्लेटमध्ये जो येतो तो आपला रावस असतो. नॉर्वेहून विमानाने आलेला पाहुणा वेगळा, आणि हा वेगळा.

सालमन आणि रावस यांचं नातं म्हणजे नुसतं आडनाव सारखं असण्यासारखं. कुळ वेगळं, गाव वेगळं. सालमन थंड पाण्यातला. तो समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो. रावस उबदार, उथळ आणि गढूळ किनाऱ्याचा. त्याच्या छातीच्या पराखाली प्रत्येक बाजूला चार लांब दोरे असतात. गढूळ पाण्यात डोळ्यांवर किती भरवसा ठेवणार? मग या दोऱ्यांनी चाचपडत तो कोळंबी शोधतो. त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'टेट्राडॅक्टिलम'चा अर्थच चार बोटांचा. आपणच त्याला सालमन म्हणतो असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये याच माशाला 'ब्लू सालमन' म्हणतात. थोडक्यात, साहेब जिथे जिथे गेला तिथे त्याला घरच्या माशाची आठवण झाली!

पण मला या आडनावापेक्षा इंटरेस्टिंग वाटतं ते दोघांना पकडण्यातलं साम्य. अमेरिका-कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर सालमन धरायची एक जुनी पद्धत आहे, तिला म्हणतात 'मूचिंग'. छोटी बोट घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीवर बोट सोडून द्यायची. गळाला हेरिंग माशाचा तुकडा तिरपा कापून लावायचा, म्हणजे तो पाण्यात हळूहळू फिरत राहतो. सालमनने तोंड लावलं तरी लगेच हिसका द्यायचा नाही. त्याला नीट गिळू द्यायचं. बोलीभाषेत मूचिंगचा अर्थ उगाच रेंगाळणं असाही होतो. म्हणजे आपल्या आईच्या भाषेत, 'नुसता बसून असतो दिवसभर!'

आता तुम्ही म्हणाल, आम्ही सातारा-सांगलीचे. आमच्याकडे कंदी पेढे आहेत, भडंग आहे, हळद आहे, कृष्णेत मगरीसुद्धा आहेत. समुद्र कुठाय?

समुद्र आहे कुंभार्लीच्या खाली. कराडहून पाटण, कोयनानगर करत घाट उतरला की साधारण शंभर किलोमीटरवर चिपळूण. सांगलीकरांनी पेठ नाक्यावरून कराड गाठायचं. चिपळूणहून पुढे गुहागर किंवा दाभोळच्या बाजूला गेलात की वाशिष्ठीची खाडी समुद्राला भेटते. रावसाला असंच पाणी आवडतं. ना पूर्ण गोडं, ना पूर्ण खारं. त्याची पिल्लंही अशाच उथळ, गढूळ पाण्यात वाढतात.

आणि या खाडीत आपलंही काहीतरी वाहतंय. दर ऑगस्टमध्ये सांगलीतला प्रत्येक माणूस सकाळी उठून कोयना, नवजा, महाबळेश्वरचा पाऊस किती झाला ते बघतो. क्रिकेटच्या स्कोअरसारखा! नवजाला पडलेलं हे पाणी शिवसागरात साठतं आणि तिथून त्याचे दोन रस्ते होतात. काही पाणी धरणाच्या पायथ्यातून पूर्वेला सुटतं, कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं, सांगलीवरून जातं आणि थेट बंगालच्या उपसागरात पोचतं. पण वीजनिर्मितीचं बहुतेक पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात शिरतं आणि पश्चिमेला उतरतं. पोफळीचं भूमिगत वीजघर, मग कोळकेवाडी, आणि शेवटी वाशिष्ठी. सरकारी भाषेत हे 'अवजल'. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्याची मर्यादा ठरवली, वर्षाला सरासरी ६७.५ टीएमसी. उन्हाळ्यात कोकणातल्या बाकीच्या नद्या आटतात, तेव्हाही वाशिष्ठी वाहती असते ती बऱ्याच अंशी याच पाण्यामुळे.

सातारा जिल्ह्यात पडलेला पाऊस दाभोळच्या खाडीत रावसाला भेटतो. आणि गंमत बघा, पूर्वेच्या वाटेने गेलेलं पाणीही शेवटी रावसालाच भेटतं, कारण तो बंगालच्या उपसागरातही आहे. बंगाली बाबू त्याला गुरजावली म्हणतात.

त्या खाडीत छोट्या होडीतून गळ टाकून बसणं हा अनुभव एकदा घ्यायलाच हवा. मी घेतलाय. जिम, डेडलाइन आणि ट्रॅफिक या तीन गोष्टींवर जगणाऱ्या माणसाला तो आधी छळ वाटतो. सोबत ना फॅन्सी रॉड, ना रील. लाकडी फळीवर गुंडाळलेली तंगूस, शिशाचा एक गोळा आणि एक गरी. टोपलीत ओल्या गोणपाटाखाली जिवंत कोळंबी. होडीवाल्या काकांनी चॅनेलच्या कडेला, जिथे खोल पाणी वाळूच्या पट्ट्याला घासून जातं, तिथे नांगर टाकला. कोळंबी जिवंत राहील अशी शेपटीजवळून गरीला लावली आणि मला दिली. आता काय? काही नाही. तंगूस बोटावर घ्यायची आणि बसायचं.

दहा मिनिटांत माझा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला.

"ताई, पाणी अजून चाललंच नाही," काका म्हणाले. "पाणी उभं असलं की मासापण उभा. चालायला लागू दे."

हा या खेळातला पहिला फंडा. रावसाचं टाइमटेबल तुमच्या सोयीचं नसतं, ते चंद्राच्या हातात असतं. काकांकडे त्याचं गणित तयार होतं. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. कोकणात हा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. ना ॲप, ना नेटवर्क! पुनव-अवसेच्या आसपास उधाण, तेव्हा पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी मऊ. छोट्या होडीतून एका गरीवर बसायचं तर पाणी फार पळूनही चालत नाही आणि थांबूनही.

दुसरा फंडा, बोटाने ऐकायचं. शिसं तळाला टेकतं तो ठोका वेगळा, खेकडा कोळंबी कुरतडतो ती चिमटी वेगळी. माझ्या गरीला पहिला आला तो शिंगाळा. त्याच्या काट्यांना विष असतं, म्हणून काकांनी मला हातही लावू दिला नाही. मग पुन्हा बसणं. तासाभराने तंगूस अशी काही ओढली गेली की बोटावर लाल रेघ उमटली. रावस हळूच काही करत नाही. तो कोळंबी घेतो आणि सुटतोच! दोनदा पाण्याबाहेर उडाला. होडीत आला तेव्हा माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा, चंदेरी, आणि ते चार-चार दोरे थरथरत असलेले.

खरा प्रश्न इथे सुरू होतो. ठेवायचा की सोडायचा?

रावसाची एक भन्नाट गोष्ट बहुतेक खवय्यांना माहीत नसते. तो आयुष्य सुरू करतो नर म्हणून, आणि वय वाढलं, आकार वाढला की त्याची मादी होते. म्हणजे बाजारात 'वा, काय पीस आहे!' म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो, तो बहुधा पीस नसून आई असते. आणि वीतभर रावस स्वस्त मिळतो म्हणून किलोच्या हिशोबाने घेतो, त्याला आई होण्याची संधीच मिळालेली नसते. दोन्ही टोकांकडून खात सुटलो तर मधे उरणार काय?

जाळ्याला हा प्रश्न पडत नाही. जाळं वर आलं की आत असतं ते सगळं आलं. एका गरीवर मात्र एका वेळी एकच मासा येतो, जिवंत येतो, आणि तुमच्या हातात निर्णय असतो. हळू मासेमारीची खरी ताकद ही आहे. निवांतपणा, सनसेट, फोटो हे सगळं बोनस.

मी सोडूया म्हटलं. काका हसले. "तुम्ही होडीचं भाडं दिलंय, तुम्हाला परवडतं. मी रोज सोडत बसलो तर चूल कशी पेटेल?" मग त्यांनीच हात पाण्यात भिजवला, गरी सोडवली आणि मासा पाण्यात धरून हलकेच पुढे ढकलला. रावस नाजूक असतो, कोरड्या हाताने धरून सेल्फी काढत बसलं तर सोडूनही जगत नाही. काकांचं वाक्य मात्र माझ्या डोक्यात राहिलं, कारण ते शंभर टक्के बरोबर होतं. सोडण्याची चैन वीकएण्डवाल्यांना परवडते. ज्याचं पोट त्यावर आहे त्याच्याकडून ती मागायची असेल, तर मासा विकत घेणाऱ्यालाही काहीतरी करावं लागेल. आणि घेणारे कोण? घाटावर राहणारे आपण.

खाडीचं दुखणं फक्त लहान-मोठ्या माशांचंही नाही. पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात लोटे औद्योगिक वसाहतीच्या रासायनिक सांडपाण्याचा आणि दाभोळ खाडीतल्या घटलेल्या मासेमारीचा मुद्दा मांडला होता. आपणही नाक मुरडायचं कारण नाही. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेच्या काठावर मेलेल्या माशांचा खच पडला होता, आठवतंय? आणि कोयनेचं पाणी म्हटलं की सगळ्यांचे हात पुढे. सांगलीला शेतीसाठी हवं, विजेला हवं, अवजल मुंबईला न्यावं अशीही चर्चा अधूनमधून होते. प्रत्येकाची गरज खरी आहे. पण या वाटपाच्या टेबलावर खाडीची खुर्ची कधी मांडलेली दिसत नाही. वाशिष्ठीतून उन्हाळ्यात किती गोडं पाणी खाली जायला हवं, म्हणजे खाडी खाडी राहील, हा प्रश्न विचारायचा हक्क चिपळूणकरांइतकाच आपलाही आहे. पाणी आपल्याकडचंच तर आहे!

जड झालं का फार? चला, आता कामाचं.

जायचंय? ऑक्टोबर ते मे हा काळ बघा. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, आणि पावसाळ्यात छोट्या होडीतून खाडीच्या तोंडाशी जाणं हा शूरपणा नाही, मूर्खपणा आहे. लाइफ जॅकेट नसेल तर होडीत पाय टाकू नका. वाशिष्ठीतही मगरी आहेत, तेव्हा चिपळूणच्या बाजूला पाण्यात हात घालून रील्स बनवायची हौस नको. स्थानिक मच्छीमाराचीच होडी घ्या आणि भाव करताना त्याचा बुडालेला दिवस लक्षात घ्या.

नुसतं खायचंय? तेही चालेल. गल्ल्यातला रंग लाल हवा, डोळा चकचकीत हवा, बोटाने दाबलं तर मांस परत वर यायला हवं. वीतभर रावस घेऊ नका, आणि सगळ्यात मोठ्याचा हट्टही नको. मधल्या आकाराचा, गरीवर धरलेला मिळाला तर दोन पैसे जास्त द्या आणि मासेवाल्या मावशींना ते का देताय हे सांगा. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिलेत. तेव्हा 'मावशी, हा फार लहान नाही का?' असं विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही. आठवड्यातून चार गिऱ्हाइकांनी विचारलं तर पाचव्या आठवड्यात मावशी घाऊक बाजारात विचारतील. मावशींनी विचारलं की गोष्ट बंदरापर्यंत जाते.

आणि पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर 'इंडियन सालमन' ऑर्डर केला, तर त्याला सांगा, याचं पाणी आमच्या नवजाचं आहे. बघा, बिल त्यालाच भरावंसं वाटतं की नाही!