मंडळाचा आंकडा आणि आपलें शेत

विम्याचे पैसे जमा होण्याचे दिवस आले कीं आमच्या शाळेच्या ओसरीवर गर्दी होते. मास्तराला आंकडे वाचतां येतात, हा त्याचा गुन्हा! मागील हंगामांत असेच एक वृद्ध शेतकरी आले व म्हणाले, "गुरुजी, माझ्या रानांत सोयाबीन बियाण्यापुरतें झालें नाहीं, आणि कागद म्हणतो मंडळाचें पीक बरें आहे. आतां कागद खोटा कीं मी खोटा?"

मी म्हणालों, "बाबा, दोघेहि खोटे नसाल. कागद तुमच्या रानाविषयीं बोलतच नाहीं."

शेतकरी बंधूंनो, हें नीट समजून घ्या. 2016 सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत भरपाई एकेका शेताचें पीक मोजून ठरत नाहीं, मुख्यतः महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरते. ही सरासरी काढण्यास मंडळांत एका पिकाचे किमान दहा कापणी प्रयोग करावे, असा त्या योजनेचा नियम. मंडळांत गांवें पुष्कळ, शेतें हजारों. त्यांतून चिठ्ठी टाकल्याप्रमाणें दहा शेतें निवडतात, प्रत्येकांत ठरल्या मापाचा तुकडा आंखून कापतात, मळतात, तोलतात.

आतां पाटी घ्या. समजा, दहा तुकड्यांवरून हेक्टरी उत्पन्न निघालें 4, 6, 7, 9, 10, 11, 12, 13, 14 व 14 क्विंटल. बेरीज 100, सरासरी 10. पहिली चिठ्ठी माळावरच्या शेताऐवजीं ओढ्याकाठच्या शेताची निघती व तेथें 4 च्या जागीं 14 येते, तर सरासरी 11 होती. पाऊस तोच, मंडळ तेंच, लबाडी कोणाचीच नाहीं. एका चिठ्ठीनें हेक्टरी क्विंटलभर फरक! उंबरठा उत्पन्न साडेदहा असतें, तर पहिल्या हिशेबीं भरपाई, दुसऱ्या हिशेबीं शून्य. अशा दहा मंडळांचे तुकडे एकत्र केले म्हणजे हा हेलकावा पुष्कळ शमतो. म्हणून जिल्ह्याचा आंकडा मंडळाच्या आंकड्यापेक्षां भरंवशाचा. पण तो आपल्या शिवारापासून तितकाच दूर. हेलकावा निम्मा करावयाचा तर तुकडे दुप्पट करून भागत नाहीं, चौपट करावे लागतात. खर्च येतो तो इथें.

दुसरा दोष याहून वाईट, कारण तो तुकडे वाढवून जात नाहीं. तुकडा 10 मीटर लांब व 5 मीटर रुंद असला, तर तो हेक्टराचा दोनशेंवा भाग. तेथें अर्धा किलो चुकला कीं हेक्टरी एक क्विंटल चुकला. दोरीवर आलेलें झाड आंत धरावें कीं बाहेर? कापणाऱ्याचा हात आंत धरण्याकडे जातो. तुकडा जितका लहान, तितकी कड जास्त व तितकें पीक फुगतें. हें आमच्याच सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेल्या डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं 1946 सालीं प्रयोगानिशीं दाखवून दिलें.

त्यापूर्वीं तर सारा कारभार नजरेच्या आणेवारीवर चाले. 1918 सालीं गुजरातेंत खेडा जिल्ह्याचे शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांच्या आंत आहे. सरकारी अंदाज त्याहून वर. चार आण्यांखालीं पीक गेलें तर साऱ्याची तहकुबी मिळावयाची, म्हणजे आंकडा ज्याचा मान्य, त्याचा निकाल. गांधीजींचा तो सत्याग्रह याच आंकड्यावरून उभा राहिला. त्या मानानें चिठ्ठी टाकून कापणें ही मोठीच सुधारणा, आणि कोणी म्हणेल प्रयोग बंद करा, तर मी त्याच्या विरुद्ध उभा राहीन.

पण आम्हांस सरासरी तेवढी सांगतात. ती कोणत्या दहा तुकड्यांची, त्यांत कमीजास्त किती, हें चावडीवर कां लागूं नये? वजनाचा कांटा व फीत गांवकऱ्यांस दाखविण्यांत कोणाचें काय जातें? एका कचेरींत मी हें विचारलें, तर "गुरुजी, तुम्ही शाळा पाहा" असें उत्तर मिळालें. पाहतोंच आहें, शाळेंत सरासरीच शिकवितों.

आमच्याकडूनहि चूक होते, ती झांकणार नाहीं. कापणीचा माणूस आला कीं कांहीं जण त्याला चहा पाजून पडक्या कोपऱ्याकडे ओढतात, आणि बाकीचे फिरकतहि नाहींत. खोटा तुकडा एकदां धरला गेला कीं खऱ्या नुकसानीवरहि विश्वास राहत नाहीं. यंदा आमच्या गांवीं प्रयोगाची चिठ्ठी निघाली तर पंचायतीच्या दोन माणसांनीं दोरी धरण्यापासून तोलण्यापर्यंत हजर राहावें, व शेत, तारीख, माप, वजन वहींत उतरून घ्यावें, असें ठरविलें आहे. वही मीं आंखून दिली आहे. त्या वृद्ध बाबांना लिहितां येत नाहीं, पण कांट्याजवळ पहिली जागा त्यांनीं मागून घेतली आहे.