घरांतील रंगमंडप

पुणे-नाशिक रस्त्यालगतचें आमचें कुरुळी हें गांव चाकणच्या कारखान्यांच्या सान्निध्यानें गेल्या दोन-तीन दशकांत पार पालटून गेलें. शेतांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या, नव्या घरांत प्रशस्त दिवाणखाने आले, आणि वास्तुशांत उरकली कीं तरुण मंडळींच्या मनांत पहिली इच्छा उत्पन्न होते ती होम थिएटर बसविण्याची. इच्छा मुळींच वाईट नाहीं. ज्या घरांत प्रत्येक जण आपापल्या खोलींत मोबाईलच्या चार बोटें रुंद पडद्यांत डोकें खुपसून बसतो, त्या घरांतील आजी-आजोबा, लेकी-सुना व नातवंडें यांना घटकाभर एकत्र बसविणारें कोणतेंहि साधन स्वागतार्हच मानलें पाहिजे. परंतु पुष्कळदां असें होतें कीं, भरपूर पैसा खर्चून सजविलेल्या या रंगमंडपांतून महिन्या-दोन महिन्यांतच वडीलधारीं माणसें हळूच उठून जाऊं लागतात. विचारलें तर म्हणतात, "आवाज पुष्कळ येतो हो, पण बोललेलें कांहीं कळत नाहीं." वाचकहो, आमचा या महिन्याचा सारा मजकूर म्हणजे या एका वाक्यावरील भाष्य होय.

आवाज येतो आणि शब्द कळत नाहीं, हें घडतें कसें? व्याकरणांत आपण स्वर व व्यंजन असा भेद शिकतों. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीनेंहि तो मोठा सार्थ आहे. बोलण्यांतील बळ बहुतांशीं स्वरांत असतें, आणि तें खालच्या पट्टींत असतें. उलट स, श, त, ख यांसारख्या व्यंजनांचें बळ थोडें, व त्यांची ओळख पटविणारा अंश बराचसा सेकंदाला २००० कंपनांच्या वरच्या पट्टींत असतो. वय वाढूं लागलें कीं कान प्रथम गमावतो ती हीच वरची पट्टी. म्हणून 'सात', 'हात' आणि 'खात' यांतील 'आ' आजोबांना लख्ख ऐकूं येतो; पण शब्द कोणता, हें ज्याच्यावरून ठरावयाचें तें पहिलें अक्षरच निसटतें. अशा वेळीं नातू आवाज वाढवितो. त्यामुळें स्वर अधिकच गरजतात, पार्श्वसंगीत दणाणतें, आणि बिचारें व्यंजन त्या गर्जनेखालीं झांकून जातें. तेव्हां घरासाठीं यंत्रें निवडतांना 'आवाज किती मोठा' हा प्रश्न गौण समजावा. 'शब्द किती स्वच्छ' हाच मुख्य.

शब्दाची ही काळजी आपल्याकडे फार प्राचीन आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत नाट्यमंडपाचें विवेचन आलें आहे. मनुष्यांसाठीं ६४ हात लांब व ३२ हात रुंद मंडप योग्य होय. त्याहून मोठ्या मंडपांत उच्चारलेलें पाठ्य बेसूर होतें आणि नटाच्या मुखावरील भाव स्पष्ट दिसत नाहींत, असें तेथें सांगितलें आहे. मंडप पर्वताच्या गुहेसारखा, लहान खिडक्यांचा आणि वारा न शिरणारा असावा, म्हणजे वाद्यांचा स्वर गंभीर राहतो, असाहि उपदेश आहे. भरतमुनि नटाच्या आधीं जागेचा विचार करितात. आपणहि यंत्राच्या आधीं खोलीचा विचार करावा.

आजचा दिवाणखाना म्हणजे गुळगुळीत फरशी, मोठमोठ्या कांचा आणि उघड्या भिंती. ध्वनि सेकंदाला सुमारें ३४५ मीटर धांवतो. अशा खोलींत तो एका भिंतीवरून दुसरीवर आपटत राहतो आणि पहिल्या शब्दाचें शेपूट दुसऱ्या शब्दावर पडतें. परीक्षा सोपी आहे. खोलीच्या मधोमध उभें राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागून खणखणाट ऐकूं आला, तर दुकानांत जाण्यापूर्वीं जाड पडदे, जमिनीवर सतरंजी किंवा गालिचा आणि भिंतीशीं पुस्तकांचें कपाट यांची सोय करावी. आणखी एक युक्ति आहे. आपण नेहमींच्या जागीं बसावें आणि मुलाला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवीत नेण्यास सांगावें. आरशांत जेथें पुढचा स्पीकर दिसेल, तेथूनच ध्वनि परतून कानावर येतो. त्या ठिकाणीं जाड गोधडी टांगली तरी शब्द पुष्कळ उजळतो. या उपायांना खर्च थोडा, पण महागड्या यंत्रानें साधणार नाहीं तें यांनीं साधतें. लांबी व रुंदी सारखीच असलेल्या खोलींत मात्र ठराविक खालचे स्वर दुपटीनें घुमतात. शक्य तर निराळी खोली निवडावी.

आतां यंत्रांकडे वळूं. '५.१' या संज्ञेचा अर्थ पांच स्पीकर आणि खालच्या स्वरांसाठीं एक सबवूफर. पांचांपैकीं तीन समोर, दोन बसणाऱ्यांच्या बाजूंस किंचित मागें. समोरच्या तिघांतील मधला स्पीकर हा या कुटुंबाचा कर्ता पुरुष, कारण चित्रपटांतील संवाद बहुतेक त्याच्याच मुखानें बोलले जातात. आमच्याकडे आळंदी अगदीं शेजारीं, देहूहि दूर नाहीं. त्यामुळें घरोघरीं आवडीनें पाहिला जाईल असा चित्रपट म्हणजे प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम'. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला व १९३६ सालीं प्रकाशित झालेला हा चित्रपट १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत नांवाजला गेला. त्याचा ध्वनि एकेरी आहे. घरांत पांच स्पीकर असोत कीं नऊ, विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम एकाच आवाजानें बोलणार! म्हणून पैसा बेताचा असेल तर प्रथम समोरचे तीनच स्पीकर उत्तम प्रतीचे घ्यावेत. बाकीचे सवडीनें जोडतां येतात. छतांतून आवाज पाडणारे स्पीकर तर अगदीं शेवटीं. खोली लहान असेल, तर मधला स्पीकर स्वतंत्र असलेला साउंडबारहि पुरतो. मधला स्पीकर कपाटाच्या खोल कप्प्यांत कोंबूं नये. तो कानाच्या उंचीला, निदान कानाकडे तोंड करून ठेवावा.

वॅटांच्या आंकड्यानें दिपून जाऊं नये. शक्ति दुप्पट केली तरी आवाज अवघा ३ डेसिबल वाढतो. कानाला तो दुप्पट भासण्यासाठीं सुमारें दसपट शक्ति लागते. वेष्टनावर 'पीएमपीओ' म्हणून हजारोंचे आंकडे छापलेले असतात, ते सोडून द्यावे आणि 'आरएमएस' आंकडा विचारावा. स्पीकरची संवेदनशीलताहि पाहावी. ८७ डेसिबलच्या ऐवजीं ९० डेसिबलचा स्पीकर घेणें म्हणजे दुप्पट शक्तीचा अॅम्प्लिफायर घेतल्यासारखेंच आहे. सबवूफर मात्र कोपऱ्यांत ढकलून मोकळें होऊं नये. तो प्रथम आपल्या बसण्याच्या जागीं ठेवून चालू करावा, आणि खोलीभर फिरून, जेथें खालचा स्वर न घुमतां समतोल ऐकूं येईल तेथें त्याची कायमची स्थापना करावी.

पडद्याविषयीं थोडें. ५५ इंची दूरदर्शन संचासमोर सुमारें सात फुटांवर आणि ६५ इंचीसमोर सुमारें नऊ फुटांवर बसणें सोयीचें. प्रोजेक्टरला अंधार हवा; दिवसा उजेडांत वावर असलेल्या दिवाणखान्यांत संचच बरा. आणि तो देव्हाऱ्यासारखा उंच टांगूं नये. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर यावा. जेथें अर्धें घर गादीवर मांडी घालून बसतें, तेथें तो आणखी खालीं हवा.

वीज पुरविणाऱ्या जोडणीस अर्थिंग नीट आहे कीं नाहीं, हें जाणत्या वायरमनकडून आधींच तपासून घ्यावें. वळिवाच्या विजा चमकूं लागल्या कीं साऱ्या तारा भिंतींतून काढून ठेवाव्या. रिसीव्हर तापतो, त्याला चोहों बाजूंनीं हवा मिळूं द्यावी. शेजारधर्महि विसरूं नये. ध्वनिप्रदूषणासंबंधींच्या २००० सालच्या नियमांनीं निवासी भागासाठीं रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली. भिंती सबवूफरला अडवीत नाहींत; शेजारचें तान्हें मूल किंवा रात्रपाळीहून येऊन निजलेला कामगार यांचा विचार आपणच केला पाहिजे. बऱ्याच रिसीव्हरांत 'नाइट मोड' असतो. त्यानें दणदणाट दबतो आणि संवाद वर येतो. घरांतील वृद्धांसाठीं तो दिवसाहि उपयोगीं पडतो.

सरतेशेवटीं खरेदी. दुकानदार स्फोट आणि विमानें यांचे प्रसंग लावून दाखवितो. त्यांनीं छाती हादरते, पण पारख होत नाहीं. आपण परिचयाचें एखादें नाटक, कीर्तन किंवा बातम्या बरोबर न्याव्या, आवाज बेताचा ठेवून ऐकाव्या, आणि मुख्य म्हणजे आजीला दुकानांत घेऊन जावें. पडद्याकडे पाठ करून बसलेल्या आजीनें ऐकलेलें वाक्य जसेंच्या तसें म्हणून दाखविलें, तर तो संच निःशंकपणें घरीं आणावा. तिला तें साधलें नाहीं, तर किंमत व कीर्ति कितीहि मोठी असो, दुकानदाराला नमस्कार करून पुढच्या दुकानाची वाट धरावी.